‘नोंद आढळली नाही’ म्हणजे नेमके काय?

मा. संपादक यांस,

ऑनलाइन सेवांविषयी तक्रार निघाली की बोलणे सर्व्हर बंद पडणे, ओटीपी न येणे आणि मंद इंटरनेट यांच्याभोवती फिरते. या तिन्ही अडचणी निदान दिसतात तरी. चौथी दिसत नाही, कारण तिच्यात सगळे सुरळीत चाललेले असते. फॉर्म भरला, बटण दाबले, क्षणात उत्तर आले : ‘नोंद आढळली नाही’. माणूस समजतो की आपले नाव यादीत नाही, हवे तसे घर रिकामे नाही, पुस्तक ग्रंथालयात नाही. खिडकी बंद करून तो कामाला लागतो किंवा रजा टाकून कचेरीत हेलपाटा घालतो.

त्या एका वाक्याखाली पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. नोंद खरोखरच नसेल. नोंद असेल, पण तिच्यातला एखादा रकाना कोरा असेल. नाव वेगळ्या तऱ्हेने टंकले गेले असेल. विचारणाऱ्याने धरून चाललेली गोष्टच चुकीची असेल, म्हणजे गाव हवेली तालुक्यातले समजून शोधले आणि ते निघाले मुळशीतले. प्रत्येक अट एकेकटी ठीक असेल, पण सगळ्या मिळून जमत नसतील. किंवा नोंद आहे, पण ती पाहण्याचा अधिकार आपल्याला नाही. यांतल्या प्रत्येक वेळी माणसाने पुढे करायचे ते निराळे, आणि यंत्राला मात्र सगळ्यासाठी एकच वाक्य येते.

हा प्रश्न नवा नाही आणि त्याची उत्तरेही नवी नाहीत. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जेरोल्ड कॅप्लन यांनी १९७९ मध्ये ‘को-ऑप’ नावाच्या प्रणालीवर प्रबंध लिहिला. तिथले उदाहरण आजही वर्गात चालते. अमुक सत्रात अमुक विषयात कोण नापास झाले? कोणी नाही. किती पास झाले? शून्य. तो विषय त्या सत्रात शिकवला होता का? नाही. तिन्ही उत्तरे तांत्रिकदृष्ट्या खरी, आणि पहिल्या उत्तराने विचारणारा मात्र ‘सगळे पास झाले’ असे समजून बसतो. कॅप्लन यांचे म्हणणे असे की प्रत्येक प्रश्नात काही गृहीतके असतात. उत्तर रिकामे आले की यंत्राने आधी ती गृहीतके तपासावीत आणि जे खोटे निघेल तेच सांगावे. यामागचा भाषेचा नियम तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९७५ मध्ये छापून आलेल्या निबंधात मांडला होता : बोलणारे एकमेकांना सहकार्य करत आहेत असे धरूनच माणसे संवाद करतात.

पुणेरी दुकानदाराला आपण उगाच बदनाम करतो. अप्पा बळवंत चौकात जाऊन दहावीच्या एखाद्या पुस्तकाची जुनी आवृत्ती मागून पाहा. ‘नाही’ एवढ्यावर विक्रेता थांबत नाही. ‘अभ्यासक्रम बदलला, नवी आवृत्ती आहे’ किंवा ‘मराठी माध्यमाचं संपलंय, सेमी-इंग्रजीचं आहे’ असे तो सांगतोच, भले मान वर न करता. आपल्या शोधचौकटींना एवढेही जमत नाही.

आता कामाचे. रिकाम्या उत्तराचे पहिले कारण खुद्द क्वेरी, म्हणजे यंत्राला विचारायचा प्रश्न, लिहिणाऱ्याच्या हातून घडते, वापरणाऱ्याचा त्यात काही दोष नसतो. असे प्रश्न लिहिण्याच्या एसक्यूएल या भाषेत तुलनेचे उत्तर हो, नाही आणि अज्ञात असे तीन प्रकारचे असते. ‘लिफ्ट’ हा रकाना कोरा असलेले घर ‘लिफ्ट आहे’ या शोधात येत नाही आणि ‘लिफ्ट नाही’ या शोधातही येत नाही. त्या घराचे अस्तित्वच पुसले जाते. यापेक्षा वाईट म्हणजे ‘नॉट इन’. पावत्यांच्या तक्त्यात नसलेल्या मिळकती काढा, असे सांगून थकबाकीदार शोधायचे आहेत. त्या तक्त्यातल्या एकाच पावतीवर मिळकत क्रमांक कोरा राहिला असेल, तर त्याच्याशी केलेली तुलना ‘अज्ञात’ ठरते आणि उत्तर शून्य येते. सारे शहर थकबाकीमुक्त! तिथे ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरले की हा घोळ होत नाही. तिसरा नेहमीचा सापळा तारखांचा. ‘१ मार्च ते ३१ मार्च’ अशी अट घातली आणि साठवलेल्या तारखेला वेळही जोडलेली असेल, तर ३१ मार्च म्हणजे तो दिवस सुरू होतानाची मध्यरात्र धरली जाते आणि दिवसभरातल्या सगळ्या नोंदी गळतात. आर्थिक वर्षाचा शेवटचा आणि सर्वांत गर्दीचा दिवस नेमका गायब. अट ‘१ एप्रिलच्या आधी’ अशी लिहायची, इतकेच.

दुसरे कारण आपल्या लिपीचे, आणि इथे थोडे थांबायला हवे. पडद्यावर सारखी दिसणारी दोन मराठी नावे यंत्राच्या लेखी वेगळी असू शकतात. ‘कुऱ्हाडे’ किंवा ‘गोऱ्हे’ यांतला आडवा र घ्या. तो ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून टंकता येतो, किंवा साध्या र ला हलन्त आणि पुढे न दिसणारे जोडचिन्ह लावूनही. ‘ॲ’चे आणखी कठीण : एक स्वतंत्र अक्षर, दुसरे अ वर चंद्र काढून, तिसरा हिंदी कळफलकावरचा ए वरचा चंद्र. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी संगणकाची पद्धत; तिचे प्रमाणीकरण, म्हणजे समान रूपे एक करण्याची क्रिया, चालवले तरी हे प्रकार एक होत नाहीत, कारण युनिकोडच्या दृष्टीने ते समान नाहीतच. त्यात देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक निराळे. देवनागरीत टंकलेला पिनकोड अनेक फॉर्म नाकारतात, तेही कारण न सांगता.

यावर उपाय असा. मूळ नाव जसे आहे तसेच ठेवावे, त्याला हात लावू नये. शेजारी ‘शोधकिल्ली’ असा वेगळा रकाना करावा आणि त्यावर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) लावावा. ही किल्ली बनवताना क्रम महत्त्वाचा असतो. आधी प्रमाणीकरण. मग र, हलन्त आणि जोडचिन्ह या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त. त्यानंतरच उरलेली न दिसणारी चिन्हे काढायची. आधी काढली तर ‘गोऱ्हे’चा ‘गोर्हे’ होतो आणि पुन्हा जुळत नाही. मग ॲ चे सर्व प्रकार एका रूपात, अंक एका रूपात, परसवर्णाच्या (‘पन्त’मधल्या न् सारख्या अनुनासिकाच्या) जागी अनुस्वार, आणि शेवटी ऱ्हस्व-दीर्घ एक. ‘सुनिता’ आणि ‘सुनीता’, ‘रविंद्र’ आणि ‘रवींद्र’ इथे भेटतात. शुद्धलेखनाचे आग्रही नाराज होतील, पण ही किल्ली फक्त शोधासाठी आहे, दाखवायचे ते मूळ नावच. विचारलेल्या नावाचीही तशीच किल्ली करून तुलना करायची.

ळ आणि ल, ण आणि न यांना मात्र या पहिल्या पायरीत एक करू नये. गोळे आणि गोले ही वेगळी आडनावे आहेत. तशी नावे ‘तुम्हाला हे म्हणायचे होते का?’ अशी विचारूनच दाखवावीत. एका अक्षराच्या फरकाचा शोधही असाच दुसऱ्या पायरीवर, आणि तोही जरा लांब नावांसाठी; दोन-तीन अक्षरी आडनावांत एक अक्षर बदलले की भलतेच घराणे येते. इंग्रजी नावांसाठी १९१८ मध्ये पेटंट झालेली, उच्चारावरून नावे जुळवणारी साउंडेक्स पद्धत अजूनही काही ठिकाणी मराठी नावांवर चालवलेली दिसते. ती रोमन अक्षरांसाठी आहे. तिच्याकडून देवनागरीची अपेक्षा करू नये.

गावांच्या नावांना किल्ली पुरत नाही, तिथे समानार्थी तक्ता लागतो. ‘बु॥’, ‘बु.’ आणि ‘बुद्रुक’ एकच; ‘खु॥’ आणि ‘खुर्द’ एकच; ‘हिंजवडी’ आणि ‘हिंजेवाडी’ एकच. आणि नुसते ‘तळेगाव’ म्हटले तर यंत्राने स्वतः ठरवू नये. दाभाडे मावळात आहे, ढमढेरे शिरूर तालुक्यात. नुसत्या ‘वडगाव’चे तर विचारूच नका : शेरी, बुद्रुक, मावळ. अशा वेळी पर्याय पुढे ठेवून एक प्रश्न विचारणे हेच योग्य उत्तर.

आता अटी न जमण्याचा प्रकार. समजा कोणी घर शोधत आहे : कोथरूड, दोन बेडरूम, भाडे २०,००० पर्यंत, लिफ्ट, पाळीव प्राणी चालेल असे, आणि १ तारखेला ताबा. सहा अटी, उत्तर शून्य. नेमके काय अडले? सहा अटींचे ६४ संच होतात, ते सगळे तपासण्याची गरज नाही. एकेक अट काढून पाहायची. काढल्यावरही उत्तर शून्यच असेल, तर अडथळा तिच्यामुळे नाही. तिला बाहेरच ठेवायचे. काढल्यावर नोंदी सापडू लागल्या, तर ती परत आत घ्यायची. कोथरूड काढले, तरी शून्य. दोन बेडरूम काढले, तरी शून्य. भाडे काढले, घरे सापडली. भाडे परत आत. लिफ्ट काढली, शून्य. पाळीव प्राणी काढले, घरे सापडली, परत आत. ताबा काढला, शून्य. शेवटी हातात उरल्या दोनच अटी : भाडे आणि पाळीव प्राणी. म्हणजे सांगायचे वाक्य असे : ‘२०,००० च्या आत पाळीव प्राणी चालणारे एकही घर आमच्या यादीत, शहरात कुठेही नाही.’ हे कळल्यावर माणूस कर्वेनगर, वारजे, बावधन असे एकेक नाव बदलत तासभर घालवणार नाही.

सहा अटींना सहा तपासण्या. प्रत्येक तपासणी फक्त ‘निदान एक नोंद आहे का’ एवढेच विचारते आणि पहिली नोंद सापडताच थांबते. ‘सर्व्हरवर ताण येईल’ ही सबब म्हणूनच टिकत नाही. शिवाय हे काम उत्तर रिकामे आले तरच करायचे आहे. वेळेची मर्यादा घाला, समजा दोन सेकंद. त्यात कारण नाही सापडले तर तसे सांगा. एक गोष्ट ध्यानात ठेवावी : या रीतीने एकच अडथळा हाती लागतो आणि कोणता लागेल हे अटी काढण्याच्या क्रमावर ठरते. अडथळे एकापेक्षा जास्त असू शकतात. सगळे शोधायला गेले तर काम अटींच्या संख्येनुसार भराभर फुगते, म्हणून त्या वाटेला जाऊ नये. मात्र ‘भाडे वाढवून पाहा’ असा सल्ला देण्याआधी तो बदल मूळ सर्व अटींसह स्वतः चालवून पाहावा. नाहीतर माणूस भाडे वाढवतो आणि पुन्हा शून्यच येते. एका रिकाम्या उत्तरापेक्षा लागोपाठ दोन जास्त चीड आणतात.

किती सैल करायचे, इथेही अंदाज बांधू नये. भाड्याची अट काढून, बाकीच्या पाच ठेवून ‘सर्वांत कमी भाडे किती’ असे विचारले की एकाच क्वेरीत आकडा मिळतो. दहा-दहा टक्क्यांनी वाढवत जाण्याची पद्धत आळशी आहे. रकमेचे हे जमते, पण प्रत्येक आकडा मोजमाप नसतो. कोथरूडचा पिनकोड ४११०३८. ‘जवळचे’ म्हणून यंत्राने एक मागे, एक पुढे पाहिले तर ४११०३७ म्हणजे बिबवेवाडी आणि ४११०३९ म्हणजे भोसरी! कर्वेनगर मात्र ४११०५२ वर. सरळ रेषेतले अंतरही फसवते. कर्वेनगरच्या समोर मुठेपलीकडे सिंहगड रस्ता दिसतो, पण जायचे ते पूल गाठून. म्हणून परिसरांची शेजार-यादी हाताने, शहर माहीत असलेल्या माणसाकडून करून घ्यावी लागते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात वेस्ली चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ‘कोबेस’ प्रणालीत अशाच श्रेणी वापरल्या : आधी वाडी, मग परिसर, मग शहराचा भाग असे वर चढायचे आणि पुन्हा खाली उतरून शेजारी शोधायचे. काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच बहुधा केले जात नाही.

कोणती अट ताणता येते हे यंत्राला कळत नाही, ते विचारणाऱ्याने सांगायचे असते. प्रत्येक अटीपुढे ‘हवेच’ आणि ‘असल्यास बरे’ अशी दोनच बटणे पुरतात. चाळणी, टक्केवारी, सरकपट्ट्या यांची गरज नाही.

अट सैल केली तर ती उघडपणे सांगितलीच पाहिजे. तंतोतंत जुळणाऱ्या नोंदी वर, त्यांच्याखाली ठळक रेघ, ‘इथून पुढे अटी सैल करून’ असे शब्द, आणि प्रत्येक नोंदीपुढे फरक : ‘भाडे ३,५०० ने जास्त’, ‘लिफ्टची माहिती दिलेली नाही’. गुपचूप सैल केलेले उत्तर हे ताठर उत्तरापेक्षा जास्त नुकसान करते. खरेदीच्या ॲपवर एक वस्तू मागितली की भलतीच शंभर समोर येतात. त्याला लवचिकता म्हणता येणार नाही.

काही ठिकाणी तर सैल करणे सरळ धोक्याचे असते. गट क्रमांक ११२/१ आणि ११२/१अ ही दोन निराळ्या माणसांची जमीन असू शकते. पॅन, बँक खाते, औषधाचे नाव यांत ‘जवळचे’ असे काही नसते. रक्तगटाचे उदाहरण बोलके आहे. तिथे पर्याय असतात, पण ते दिसण्याच्या साधर्म्याने ठरत नाहीत आणि एकाच दिशेने चालतात. लाल पेशींच्या बाबतीत ‘ए पॉझिटिव्ह’ रुग्णाला ‘ओ निगेटिव्ह’ रक्त चालू शकते, उलट कधीच नाही. ‘ओ निगेटिव्ह’ रुग्णाला फक्त ‘ओ निगेटिव्ह’. हे नियम वैद्यकाचे. ते त्या ज्ञानातून लिहून घ्यावेत आणि शेवटचा निर्णय डॉक्टरांवर सोडावा. खाजगीपणाचाही मुद्दा आहे. ‘या नावाचे खाते आहे, पासवर्ड चुकला’ हे उत्तर मदतीचे खरे, पण परक्याला ते खाते असल्याची बातमी देते. रुग्णनोंदींत ‘वय ४१ नाही, ४२ ची एक नोंद आहे’ असे सुचवणे म्हणजे एका माणसाकडे बोट दाखवणे. व्यक्तींच्या संवेदनशील नोंदींत यंत्राने तुटक राहावे हेच बरे.

उत्तरे फार आली तर काय, हा उलटा प्रश्न. एक सूत्र उपयोगी पडते : एखादे घर दुसऱ्या घरापेक्षा महागही असेल आणि लांबही, तर ते आधी दाखवू नये. २००१ मध्ये ‘स्कायलाइन’ नावाने ही क्रिया मांडली गेली.

आता सगळीकडे चॅटबॉट बसवण्याची घाई आहे. तो मराठी वाक्याचे एसक्यूएल करतो आणि आलेले शून्य गोड भाषेत सांगतो. शून्याचे कारण त्यालाही ठाऊक नसते, उलट चुकीचा अर्थ लावण्याची एक नवी पायरी मध्ये येते. ‘मागच्या वर्षी किती अर्ज आले’ यातले वर्ष जानेवारीचे, एप्रिलचे की शाळेचे जूनचे? माहिती तक्त्यांत साठवण्याचे रिलेशनल मॉडेल १९७० मध्ये मांडणारे एडगर कॉड यांनी १९७४ मध्येच ‘रांदेव्हू’ प्रणालीची कल्पना मांडली होती : यंत्राने प्रश्नाचा लावलेला अर्थ साध्या वाक्यात परत सांगायचा, माणसाने हो म्हटले की मगच उत्तर द्यायचे. चॅटबॉटने निदान उत्तराच्या वर एक ओळ लिहावी : ‘१ एप्रिल ते ३१ मार्च, फक्त पुणे शहर, रद्द झालेले अर्ज वगळून’. चूक तिथेच पकडली जाते.

राहिला प्रश्न हे करून कोण घेणार. सॉफ्टवेअर कंपन्या निविदेत असेल तेवढेच देतात, आणि निविदेत पडदे किती, अहवाल किती, एकाच वेळी वापरणारे किती हे असते. रिकाम्या उत्तराविषयी सहसा एक ओळही नसते. ती ओळ घालावी. स्वीकृती चाचणीत मुद्दाम फसणारे पंचवीस शोध ठेवावेत : दोन तऱ्हांनी टंकलेले ‘कुऱ्हाडे’, तिन्ही प्रकारचा ‘ॲ’, देवनागरी पिनकोड, ‘बु॥’ लिहिलेले गाव, चुकीचा तालुका, नुसते ‘तळेगाव’, कोरा रकाना असलेली नोंद, ३१ मार्चच्या दुपारची पावती, न जमणाऱ्या सहा अटी. प्रत्येकाला काय उत्तर यायला हवे तेही लिहून ठेवावे. ही यादी करायला जाणत्या माणसाला एक दुपार लागते. त्यानंतर रिकाम्या गेलेल्या शोधांची नोंद ठेवावी, त्यात माणसांची नावे न साठवता फक्त गावे, विषय आणि अटी. दर सोमवारी सर्वाधिक वेळा फसलेले वीस शब्द कचेरीतल्या कोणीतरी वाचून समानार्थी तक्त्यात भरावेत. हे काम कंत्राटदाराकडे देऊ नये. वडगाव कोणते ते त्याला ठाऊक नसते.

आपले,
डेटाबेस प्रणालींवर काम करणारे आणि हा विषय शिकवणारे काही जण,
पुणे